खारा पाहुणा

मिरगाच्या आधी आठवडाभर आमच्या कारापूरच्या घरी एक पाहुणा येतो आणि दसरा उलटल्यावर जातो. म्हणजे चातुर्मासापेक्षाही त्याचा मुक्काम थोडा अधिकच. तो ट्रॉलीवर बसून येतो, अंगावर ताडपत्री असते आणि त्याला पोचवायला आलेला माझा पुतण्या पायरीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच विचारतो, "काका, बांयंत उदक आसा न्हय?" काकाची प्रकृती, काकीचे गुडघे, शाळेचा निकाल या गोष्टी नंतर. आधी विहिरीतलं पाणी.

पाहुणा म्हणजे वॉटर स्कूटर. समुद्रावर धूम पळणारी, पाण्याचे फवारे उडवणारी, दोघातिघांनी घोड्यावर बसल्यासारखं बसायचं ते वाहन. किनाऱ्यावर सगळे त्याला जेटस्की म्हणतात. खरं तर ते कावासाकी या जपानी कंपनीच्या मालाचं नाव, पण वनस्पती तुपाला डालडा म्हणणाऱ्या आपल्या लोकांना त्याचं काय? पुतण्या पेडण्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे हा धंदा करतो. पावसाळ्यात समुद्रावरच्या जलक्रीडा बंद असतात, आणि किनाऱ्यावरच्या भाड्याच्या जागेत चार महिने यंत्र ठेवायचं म्हणजे खाऱ्या वाऱ्याच्या तोंडी देणं. म्हणून ते समुद्रापासून लांब, आमच्या फणसाखाली येतं. कागदोपत्री मालक पुतण्या आहे. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन मी आहे. आणि चार महिने त्याची उस्तवार करणारा गडीही मीच.

हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने अर्धी चड्डी घालून रविवारी सकाळी असल्या यंत्राखाली उताणं पडावं हे गावाला प्रथम फार गमतीचं वाटलं. कुंपणाशी विद्यार्थी जमायचे. एका आगाऊ मुलाने, "सर, एक फेरी मारतात?" असंही विचारून घेतलं. आता कोणी थांबत नाही. पावसाळ्यात कारापुरात जशा भाताच्या लावण्या, तसे सर आणि त्यांची जेटस्की.

मी इतिहासाचा माणूस. यंत्रातलं मला काही कळत नव्हतं. पहिल्या वर्षी पुतण्याने म्हापशाहून एका मेकॅनिकला आणलं. त्याने आसन उचलून आतलं इंजीन दाखवलं, बोल्टांच्या मुळाशी जमलेली पांढरी भुकटी नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "सर, मीठ न्हिदना."

मीठ झोपत नाही. हे वाक्य मला तेव्हा नाटकी वाटलं. पुढे विज्ञानाच्या आमच्या शिक्षकांना विचारलं तेव्हा कळलं की मेकॅनिकने रसायनशास्त्रच सांगितलं होतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्या पंधरा लिटरांच्या बादलीत अर्ध्या किलोहून जास्त. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. आता कोणी म्हणेल, वाळलं म्हणजे संपलं. पण हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की कोरडं मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि पुन्हा ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर याहूनही कमी ओलाव्यात पाझरू लागतात. आषाढात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते प्रत्येक गृहिणीने पाहिलेलं आहे. तीच बरणी इंजिनाच्या सांदीकोपऱ्यात चार महिने ठेवली तर काय होईल? गोव्याच्या पावसाळ्यात हवा कधी कोरडी होतच नाही. मे महिन्यातलं मीठ सप्टेंबरपर्यंत रात्रंदिवस लोखंड खात बसतं.

तर पहिलं काम धुण्याचं. बाहेरून धुणं सोपं, कोणीही करील. पण या यंत्राची गंमत अशी की ते समुद्र पोटात घेतं. खालून जाळीतून पाणी आत ओढायचं, पंख्याने जोरात मागे फेकायचं आणि त्या रेट्याने पुढे धावायचं, ही त्याची चाल. त्याच पाण्यातला एक फाटा इंजीन थंड ठेवण्यासाठी आत फिरवलेला असतो. (काही बनावटींत इंजिनाचं पाणी वेगळं आणि बंदिस्त असतं; आमच्यात नाही.) म्हणजे दिवसभर समुद्र इंजिनाच्या नसांतून वाहतो. त्या नसा गोड्या पाण्याने धुवाव्या लागतात. मागच्या बाजूला नळी जोडायचं एक तोंड आहे. तिथे बागेची नळी लावायची, आणि मग जो क्रम आहे तो देवपूजेसारखा आहे. मागेपुढे चालत नाही. आधी इंजीन सुरू करायचं, मग लगेच पाणी सोडायचं. बंद करताना आधी पाणी बंद करायचं, मग दोनतीनदा इंजीन हलकेच रेटून आतलं पाणी बाहेर फेकायचं आणि मगच इंजीन थांबवायचं. का? तर इंजीन चालू असताना धुराचा जोर पाण्याला बाहेर ढकलत असतो. इंजीन बंद असताना नळी सोडली तर पाण्याला अडवणारं कोणी नसतं. ते धुराच्या वाटेनं उलटं इंजिनात शिरतं. आणि पाण्याशिवाय इंजीन जास्त वेळ चालवलं तर तापून आतली रबरं जळतात. सगळा कारभार काही सेकंदांचा.

धुऊन झालं की मागून येणाऱ्या पाण्याचा एक थेंब मी जिभेवर ठेवतो. खारट लागला की आणखी पाच मिनिटं. ही पद्धत मेकॅनिकची नाही. कोणाची ते पुढे येईल.

मग बाकीची कामं. आसन काढून पोट वाळवायचं. खालची दोन बुचं काढून ठेवायची म्हणजे साचलेलं पाणी निथळतं. बॅटरी काढून घरात आणायची, महिन्यातून एकदा चार्ज करायची. आमची बॅटरी देवघराच्या बाजूच्या खोलीत असते, यावर घरातून दर वर्षी एक निषेध नोंदवला जातो. पेट्रोलची टाकी भरून ठेवायची, अर्धी ठेवली तर रिकाम्या भागात दमट हवेचं पाणी धरतं. स्पार्क प्लग काढून आत तेलाचा फवारा मारायचा. सुकाणूच्या तारांना ग्रीस. आणि ट्रॉलीला विसरायचं नाही. समुद्रात प्रत्येक वेळी चाकं बुडतात, रस्त्यावरून तापून आलेली चाकं गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. यंत्र झकास आणि ट्रॉली धारगळच्या चढावर मोडलेली, असं आमचं एकदा झालेलं आहे.

या सगळ्यात माझी आवडती वस्तू म्हणजे जस्ताची वडी. पंपाजवळ साबणाच्या वडीएवढा जस्ताचा तुकडा बोल्टने बसवलेला असतो. तो काहीच करत नाही. फक्त झिजतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यांतला जो हळवा, तो आधी विरघळतो. जस्त अॅल्युमिनियमहून हळवं. म्हणून ते स्वतः जातं आणि इंजीन राहतं. वर्षअखेरीस ती वडी काढली की वापरून उरलेल्या साबणासारखी दिसते, खड्डे पडलेली. मी जुन्या वड्या जपून ठेवल्या आहेत. नववीच्या वर्गात नेऊन विचारतो, हे काय? मुलं म्हणतात, हाड.

या वडीला इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. लाकडी जहाजांना समुद्रात एक शत्रू असतो, लाकूड पोखरणारा. दिसायला किडा, पण जात शिंपल्याची. तिसऱ्यांचा तो चुलतभाऊ. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरतो आणि आतल्या आत बोगदे खणत लांब वाढत जातो. १५०३ साली कोलंबसाची शेवटच्या सफरीतली जहाजं त्याने अशी पोखरली की ती जमैकाच्या किनाऱ्याला लावून टाकावी लागली, आणि हा जग शोधायला निघालेला माणूस सुमारे वर्षभर तिथे अडकून पडला. इंग्रजांनी १७६१ साली 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. किडा थांबला, पण तांब्याच्या संगतीने लोखंडी खिळेच विरघळून गेले. पुढे तांबंही झिजू लागलं तेव्हा १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने सुचवलं की त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा, ते आधी झिजतील. तसंच झालं. तांबं वाचलं. पण तांबं विरघळेनासं झाल्यावर त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शंख चिकटून त्यांचा वेग बसला. बिचाऱ्या डेव्हीचा उपाय मागे घ्यावा लागला. दोनशे वर्षांनी त्याच कल्पनेची वडी कारापुरात फणसाखाली मी पान्याने बसवतो.

आता माझ्या चुकीकडे यायला हवं. २०२२ च्या जूनमध्ये शाळेतून उशिरा आलो होतो. पाऊस थांबलेला बघून घाईघाईने नळी जोडली, पाणी सोडलं, आणि तेवढ्यात गेटाशी कोणी पालक आले म्हणून बोलायला गेलो. परत येऊन बटण दाबलं तर इंजिनाने एकदाच 'ठक्' केलं आणि गप्प. पाणी आधी, इंजीन नंतर. तीस वर्षं मुलांना क्रमवार उत्तरं लिहायला शिकवणाऱ्या माणसाने क्रम चुकवला होता. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पाण्याने भरलेल्या सिलिंडरवर दट्ट्या आपटला तर आतला दांडा वाकू शकतो, हे मला ठाऊक होतं. माझ्याच वहीत लिहिलेलं होतं.

पाच मिनिटांच्या आत मी पुतण्याला फोन केला. "इंजिनांत उदक गेलां. म्हजी चूक." पलीकडे दोन क्षण शांतता. मग, "आनीक बटण दामूं नाकात काका, मेकॅनिकाक घेवन येतां." रात्री नऊ वाजता ते दोघे आले. प्लग काढून इंजीन फिरवलं तेव्हा पिचकारीसारखं पाणी उडालं. तेल काढलं तर दुधाळ चहासारखं. तीनदा तेल बदलावं लागलं, पण दांडा सरळ होता. मेकॅनिक म्हणाला, त्याच दिवशी कळवलं म्हणून वाचलं. आठवडाभर तसंच राहिलं असतं तर आतून गंजून गेलं असतं.

सगळे गेल्यावर घरातून विचारणा झाली, "यंत्रच ते. एवढे घामाघूम का झालात?" मी काहीतरी उत्तर दिलं. खरं उत्तर तीस वर्षांपूर्वीचं होतं.

त्याच फणसाखाली पूर्वी पावसाळ्यात वडिलांची होडी उपडी घातलेली असायची. आंब्याच्या लाकडाची, दोन माणसांपुरती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडं जबरदस्तीने तोडू नयेत असं बजावलेलं आहे. मी ते वर्गात शिकवतो तेव्हा दर वेळी मला ती होडी दिसते. वडील पावसाळाभर शेतात राबत आणि नंतर नार्व्याला, आत्याच्या घराखाली मांडवीत होडी ठेवून मासे, तिसऱ्या, खुबे काढत. मिरगाला टेम्पोत घालून ती कारापूरला यायची.

मांडवी ही पावसाळ्यात एक नदी आणि उन्हाळ्यात दुसरीच. पावसात वरून एवढं पाणी येतं की खालपर्यंत ती गोडसर होते. पाऊस सरला की भरतीबरोबर समुद्र चढू लागतो आणि चैत्र-वैशाखात खारं पाणी खूप आत येऊन पोचतं. पोखरणारा किडा गोड्या पाण्यात टिकत नाही, खाऱ्यात माजतो. वडिलांना हे कोणी शिकवलं नव्हतं. ते ओंजळीतलं पाणी जिभेवर घेत आणि ठरवत, आता होडी वर ओढायची. मग आठ दिवस वाळवून काजूच्या सालांचं काळं तेल तिला पाजत. त्या तेलाने कातडी भाजते. चैत्रात त्यांचे हात नेहमी काळे आणि सोललेले असत.

१९९२ च्या चैत्रात वडिलांचं ऑपरेशन झालं होतं. थोरला भाऊ तेव्हा वास्कोला नोकरीत. वडिलांनी मला सांगितलं, नार्व्याला जा, होडी ओढ, तेल लाव. माझी एम.ए.ची परीक्षा तोंडावर होती. एका रविवारी गेलोही. होडी बघितली, वरून ठणठणीत दिसली. आत्याकडे जेवलो आणि संध्याकाळच्या बसने परत आलो. पुढच्या रविवारी करू म्हटलं. तो रविवार आला नाही.

जूनमध्ये होडी घरी आली. वडील काठी टेकत फणसाखाली गेले. तळावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती, मोजकीच. त्यांनी एका जागी अंगठा दाबला. अंगठा पेरापर्यंत आत गेला. आत लाकूड नव्हतंच, चाळण होती.

"चैत्रांत तेल लायिल्लें?" त्यांनी विचारलं.

"लायिल्लें," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. ज्या माणसाच्या हाताला तीस वर्षं त्या तेलाचे डाग होते, त्याला तेल न लागलेलं लाकूड ओळखता येत नसेल असं मला तेव्हा वाटलं की नाही, हे आज मला सांगता येणार नाही. माझे हात स्वच्छ होते, एवढं त्यांना दिसत होतं. होडी त्या पावसात तिथेच कुजली. नवी झाली नाही. वडील जाऊनही आता बरीच वर्षं लोटली.

इंजिनाच्या त्या प्रसंगानंतर, श्रावणात कधीतरी, मी थोरल्या भावाला हे सांगितलं. आम्ही दोघे ओसरीवर होतो, समोर ताडपत्रीखाली यंत्र. मला वाटलं, तो म्हणेल, जाऊ दे रे, एवढी जुनी गोष्ट. तो बराच वेळ पावसाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ती होडी म्हाका मेळपाची आशिल्ली."

मला हे माहीत नव्हतं. त्या वर्षी दिवाळीनंतर नोकरी सोडून तो नार्व्याला होडीवर जाणार होता. वडिलांशी त्याचं बोलणं झालं होतं. होडी गेली, म्हणून मग त्याने ट्रक घेतला. कर्जावर. खाणीचा माल ओढणारे ट्रक तेव्हा आमच्या डिचोली तालुक्यात सोन्याची कोंबडी होते, त्यामुळे कोणाला वाईट वाटण्याचं कारणही नव्हतं. वीस वर्षं त्याचं चांगलं चाललं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणाच्या पलीकडे उभा राहिला. मधे खाणी सुरू झाल्या, मार्च २०१८ पासून पुन्हा थांबल्या, आणि तो ट्रक भंगारात गेला तेव्हा त्याच्या टपातून गवत उगवलेलं होतं. खाणपट्ट्यातल्या पोरांनी मग किनाऱ्याची वाट धरली. माझा पुतण्या त्यांतलाच एक.

होडी असती तर भावाचं आयुष्य सुखाचं झालं असतं असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. मासेमारीत कोण श्रीमंत झालंय? खाणींच्या गाळाने आणि बार्जेसच्या रहदारीने मांडवीतल्या लहान होड्यांचं काय झालं तेही मी पाहिलेलं आहे. भावानेही तसं काही म्हटलं नाही. त्याने फक्त ते एक वाक्य उच्चारलं आणि आत जाऊन चहा टाकायला सांगितलं. जामिनाच्या कागदावर मी सही केली तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मात्र नमूद करतो. कारण ओळखीतल्या एकदोघांनी त्या सहीचं मोठं कौतुक केलं होतं.

कर्जाचे अजून दोन वर्षांचे हप्ते आहेत. यंत्र म्हाताऱ्या बैलासारखं झालं आहे. या वर्षी पंख्याभोवतीची कडी बदलली, नवी वडी बसवली, एक बोल्ट पान्याला न जुमानता मुळातून तुटला त्यात तीन दिवस गेले. बंदर कप्तान खात्याचे कागद पुतण्यानेच बघितले. इथे विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या नौकांची तयारी सुरू झाली आहे. पोरं पुठ्ठे आणि रंगीत कागद घेऊन फिरताहेत, त्या एका रात्रीपुरत्या वाळवंटीवर तरंगणाऱ्या नौकांना मीठ नाही की किडा नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पुतण्या गाडी घेऊन आला. बॅटरी चढवली. मी इंजीन सुरू केलं, मग पाणी सोडलं. तो बाजूला उभा राहून बोटांवर क्रम मोजत होता आणि हसत होता. मागून आलेला थेंब मी जिभेवर ठेवला, विहिरीचंच पाणी. ट्रॉली गाडीला जोडून झाली. ही बुचं विसरून पाण्यात उतरवलेली यंत्रं किनाऱ्यावर दर मोसमाला एखाददुसरी बुडतात.

"बुचां लायल्यांत?" मी विचारलं.

"लायल्यांत, काका."

मी खाली वाकलो आणि दोन्ही बुचं एकेक करून हाताने पिळून पाहिली. लावलेली होती. भाऊ गेट उघडून धरून उभा होता. ट्रॉली वळली आणि तिस्काच्या दिशेने निघून गेली.